काळ्या मातीवर घेतलेलं माप

फिटरकाका माणूस बसतो कसा यापेक्षा उठतो कसा, हे बघायचे. दारव्हा रोडवरच्या त्यांच्या सायकलच्या दुकानात गेलं की ते आधी स्टुलावर बसवत, चहा मागवत आणि आपण उठलो की सांगत, "तुमी सारा भार डाव्या अंगावर टाकता. सीट बरोबर हाय, तुमीच वाकडे बसून राह्यले." माणूस चिडून निघून जायचा आणि पंधरा दिवसांनी मुकाट्याने परत यायचा. उभी हयात डेपोत एसटीच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली होती, म्हणून सगळे त्यांना फिटरकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं आणि आमच्या सायकल ग्रुपचे ते आपोआप गुरू झाले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर नागपूरहून बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल आणली आणि दर रविवारी आर्णी रोडने ग्रुपबरोबर जाऊ लागले. पाय दुखायचे नाहीत, दमही लागायचा नाही. पण तीस किलोमीटर झाले की सीटवर बसवत नसे. मी जेलचं कव्हर घेतलं, मग रुंद गुबगुबीत सीट घेतली, मग गादी शिवलेली चड्डी मागवली. काका प्रत्येक वेळी बघायचे आणि मान हलवायचे. "माय, हा सोफा नाही. जितकं नरम घेशीन तितकं रुतशीन, आन् जितकं रुतशीन तितकं घासन." लहानमोठ्या सगळ्या बायकांना ते 'माय' म्हणत.

पुढे पुढे जखमा झाल्या. रक्त यायला लागलं. मी हे नवऱ्याला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, सोडून दे सायकल. ग्रुपमध्ये बाकी सगळे पुरुष. एका दुपारी दुकानात कोणी नाही असं पाहून मी गेले आणि काकांना सगळं सांगितलं. कुठे दुखतं, कसं दुखतं, शाळेत खुर्चीवर बसताना डोळ्यांत पाणी कसं येतं. सांगताना माझी मान खाली होती. काका पाना खाली ठेवून ऐकत होते. म्हणाले, "आधी डॉक्टरीनबाईकडे जा. भरून आलं का मंग ये. लाजू नोको. डॉक्टर आन् फिटर, दोघायसमोर लाज ठेवली त दुखणं तसंच राह्यते."

जखम भरल्यावर मी गेले तेव्हा त्यांनी टिनाच्या परातीत काळी माती कणकेसारखी मळून ठेवली होती. वरून प्लास्टिकचा कागद अंथरला, परात स्टुलावर ठेवली आणि म्हणाले, "यावर बस, शंभर मोज आन् ऊठ. म्या बाहीर उभा राह्यतो." दार ओढून घेऊन ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी उठले तेव्हा मातीत दोन खळगे उमटले होते. पट्टी लावून त्यांनी खळग्यांमधलं अंतर मोजलं. बसण्याची दोन हाडं असतात, सीट त्यांच्या मापाची हवी, बाकी सगळे नखरे, असं त्यांचं म्हणणं होतं. निघताना म्हणाले, "हे मोडून टाकतो आता. बाईमाणसाचं माप म्या दुकानात ठेवत नाही."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांना वडिलांच्या जागी मानलं.

पुढचे दोन महिने ते एकेक सीट लावून देत आणि मी चालवून बघत होते. चौथी सीट कडक होती, मध्ये लांब चीर असलेली. काकांनी तिचं टोक इवलंसं खाली केलं, दांडा बोटभर उतरवला. त्या रविवारी मी आर्णीला जाऊन आले आणि घरी पोचल्यावर लक्षात आलं, आज सीटची आठवणच झाली नाही. हिवाळ्यात यवतमाळ ते उमरखेड आणि परत, अशी दोनशेवर किलोमीटरची राइड मी दिवस मावळायच्या आत पूर्ण केली. ग्रुपमधून ती पूर्ण करणारी मी पहिली बाई.

ग्रुपने माझा सत्कार ठेवला होता. नवरा आला होता, शाळेतले सहकारी आले होते, काही पालकही होते. माझं बोलून झाल्यावर काकांनी माइक घेतला. "ही आज इथं उभी हाय," ते म्हणाले, "कारण हिले बसता येत नव्हतं!" लोक हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. जखमा, रक्त, मी खुर्चीवर कशी अर्धी बसायचे ते करूनही दाखवलं. आणि टेबलाखालून ती परात वर काढली. माती वाळून दगडासारखी झाली होती. कडेला माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. "हे पाहा, हेच ते!" सगळे उभे राहून बघत होते, हसत होते. माझा नवरा हसत होता. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

सोमवारी शाळेत एका गुरुजींनी माझी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "मॅडम, माप बरोबर आहे ना?" सत्काराचा व्हिडिओ गावभर झाला होता. तशीच संध्याकाळी मी दुकानात गेले. काका चाकाच्या तारा ताणत होते.

"काका, तुम्ही माती मोडतो म्हणाले होते."

"हो, पण इतकं मस्त उमटलं होतं, मोडायले मनच नाही झालं."

"मी ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं."

"अव माय, तारीफच त केली तुई! सारे घरचेच लोक हायेत. पाह्य, लोक किती खूश झाले." मग त्यांनी चाक गरकन फिरवलं. "हे कसं डुलून राह्यलं, पाह्य जरा."

मी पाहिलं नाही. त्यानंतर त्यांच्या दुकानाची पायरी चढले नाही.

सायकल सोडली नाही. सीटही तीच ठेवली. तिच्यापेक्षा चांगली मला मिळाली नसती, हे त्यांच्याइतकंच मलाही कळत होतं. पण मागच्या वर्षी हाताला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुठे दुखतं का? दुखत होतं. मी "नाही" म्हणाले.

सत्कारानंतर तीन वर्षांनी काकांनी दुकान बंद केलं. डोळे गेले होते आणि अमरावतीची मुलगी त्यांना न्यायला आली होती. ग्रुपमधल्या कोणीतरी कळवलं. जायचं नाही असं ठरवूनही मी बसस्टँडवर गेले. मुलगी तिकिटाची चौकशी करायला गेली होती, ते एकटेच बाकावर बसले होते. मी हाक मारली तशी आवाजावरून ओळखलं.

"माय, तू येणं सोडलं," ते म्हणाले. "काहून सोडलं? सांगायचं त होतं."

"सांगितलं होतं, काका. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. खोटं वागत नव्हते. खरंच आठवत होते, ओठ हलत होते. मी वाट पाहत उभी राहिले. मला माफी नको होती, नुसतं "हो" हवं होतं.

"नाही व," ते शेवटी म्हणाले. "काय सांगितलं होतं?"

अमरावतीची गाडी लागली. मुलगी घाईने आली. काकांचा एक हात तिने धरला, दुसरा मी धरला, आणि आम्ही त्यांना पायऱ्या चढवून खिडकीजवळ बसवलं.