मामाने उघडं दार बंद केलं

माझा मामा लिफ्ट मेकॅनिक. घरात मी सगळ्यांच्या नकला करते. मामाची नक्कल सर्वांत सोपी: तीनदा श्वास घ्यायचा आणि मग "हं" म्हणायचं. आई म्हणते, "याचं उत्तर पोस्टाने येतं."

तो पहिल्यापासून असा शांत नव्हता. तरुणपणी कामावरच्या सोबत्याने "गोगलगाय" म्हणून डिवचलं, तेव्हा तावातावाने मेन स्विच पाडून वीज बंद न करताच हा मशीनला भिडला. सोबत्याचा अंगठा गेला. तेव्हापासून कामाला हात घालण्याआधी मामा डोळे मिटून एवढंच मागतो, "प्रभू, जीभ तू धर, हात मी सांभाळतो." चर्चमध्येही याहून लांब प्रार्थना त्याने कधी केली नाही.

त्या दुपारी मी आणि आठ महिन्यांची गरोदर ताई तिच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकलो. तिसरा मजला अर्धा सुटला होता, चौथा आला नव्हता. भावोजींनी मामाला फोन केला, पण वाट न पाहता तिसऱ्यावरचं लोखंडी दार पहारीने उचकटलं. आमच्या पायांखाली हातभर फट उघडली. त्यातून त्यांचं तोंड दिसायचं आणि त्याच्या अलीकडे, लिफ्टच्या खाली, नुसता काळोख.

"सरक गं! मी धरतो ना! सरक!"

ताई रडतरडत खाली बसली. तिने एक पाय बाहेर सोडला. मीच तिला दंडाला धरून पुढे सरकवत होते.

"पाय आत घे, पोरी."

मामा जिना चढून आला होता. धापा टाकत होता, पण आवाज रोजचाच.

"निसटली तर बाहेर नाही पडणार. लिफ्टखाली जाईल. थेट तळाला."

ताईने पाय असा ओढला की चप्पल निसटली. खाली आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

"आता आलात?" भावोजी कडाडले. "चहापाणी आटोपून आलात वाटतं! माझी बायको आहे आत!"

फटीतून मला मामाची मान दिसत होती. शीर टरारली होती. त्याने डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाला, "जावईबापू, माझा जोडीदार आज रजेवर आहे. तुम्ही वर मशीनच्या खोलीत चला."

आणि त्याने ते दार बंद केलं.

मी किंचाळले. अंधार. ताईची नखं माझ्या मनगटात रुतली. बऱ्याच वेळाने वरून, दोरांच्या पोकळीतून, आवाज आला.

"स्विच पाडलाय. लिफ्ट हाताने वर घ्यायचं चाक माझ्याकडे. हा दांडा दाबला की ब्रेक सुटतो, सोडला की लागतो. 'दाबा' म्हटलं की दाबायचं, 'सोडा' म्हटलं की सोडायचं. दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन जड आहे, जास्त वेळ दाबलात तर लिफ्ट स्वतःच वर धावेल."

"मला नाही जमणार, मामा. हात थरथरतायत."

"थरथरू द्या. कान शाबूत ठेवा. दाबा. सोडा."

लिफ्टला हिसका बसला. ताईने येशूचं नाव घेतलं.

"दाबा. सोडा."

वीतभर वर. पुन्हा वीतभर. एकदा लिफ्ट सरकली ती थांबेचना.

"सोडा!"

धाडकन थांबली. वर कुणीतरी हुंदका दिला. मामा ओरडला नाही. तीन श्वास गेले असतील.

"हं. चुकलं, पण वेळेत सोडलंत. परत. दाबा."

चौथ्या मजल्याचं दार उघडलं तेव्हा ताई चालत बाहेर पडली. भावोजी जिन्यावरून आले आणि तिच्यापुढे मटकन खालीच बसले. "मामा, मी मघाशी काय काय बोललो..."

मामाने हाताने 'राहू दे' केलं. शेजारच्या काकूंनी पाणी आणलं. पेला त्याच्या दातांवर टणटण वाजत होता, निम्मं पाणी शर्टावर.

"तू घाबरला होतास?" मी विचारलं.

"वर जाताना दोनदा जिन्यात बसलो," तो म्हणाला, आणि पेला माझ्याकडे दिला. "धर जरा. हात ऐकत नाहीत."