चेतनाताईंचा रिकामा डबा

आयत्या डब्यावर जगणारा माणूस म्हणून बँकेच्या आमच्या लखनऊमधल्या महानगर शाखेत माझी ख्याती आहे. सोलापूरहून बदली होऊन आलो, खोलीवर एकटा, आणि शेजारच्या टेबलावर कर्ज विभागाच्या चेतनाताई. मूळच्या सांगलीच्या, लखनऊत बावीस वर्षं. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नाही. कुणाचं काम अडू दे, "हाँ भैया, दे दीजिए, कर देंगे" ठरलेलं.

गेल्या वर्षी त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, शौचासाठी पोटावर पिशवी बसली, केमो सुरू झाली. दोन केमोंच्या मधल्या दिवसांत त्या कामावर येत. जेवायच्या वेळी मात्र डबा माझ्याकडे सरकवत. "खा रे समीर, मी घरून खाऊन आलेय." गुरगुट्या भात, मुगाचं वरण, साल काढून शिजवलेला दुधी, उकडलेलं अंडं. मी बोटं चाटत खायचो आणि बाईंचं मन केवढं मोठं, असं गावभर सांगायचो.

मग एका सोमवारी त्यांची केमो पुढे ढकलली गेली. वजन चार किलो उतरलं होतं. ते भरून आल्याशिवाय पुढचा डोस द्यायला डॉक्टर तयार नव्हते. ताई हॉस्पिटलातून थेट कामावर आल्या. संध्याकाळी त्यांचे मिस्टर, रेल्वेतले इंजिनिअर सुधीरभाऊ, त्यांना न्यायला आले. हताश होऊन मला म्हणाले, "डाएटिशियनने सांगितलेलं सगळं मी स्वतः सकाळी उठून रांधतो. डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो. मग जातं कुठे?"

माझ्या पोटात जातं, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई खाली बघत म्हणाल्या, "अहो, खाल्लं की पिशवी भरते. आवाज करते. समोर कस्टमर बसलेला असतो. मला लाज वाटते हो."

दुसऱ्या दिवशी लंचला त्यांनी सगळ्यांच्या मधोमध खुर्ची ओढली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"देखिए, हमारे पेट पर थैली लगी है," त्या म्हणाल्या. "खाने के बाद थोड़ा बोलती है. सुनाई दे तो घबराइएगा मत, अपना काम करते रहिए."

ज्या गोष्टीचं शाखेत कुणी नावही काढत नव्हतं, ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडली. एवढी हिंमत मी तरी आजवर कुणात पाहिलेली नाही.

कॅशवरची नीलम म्हणाली, "दी, मैनेजर साहब तो बिना थैली के दिन भर बोलते हैं." सगळे हसले. ताई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग त्यांनी डबा उघडला. मेल्या सवयीने माझा हात पुढे गेला. त्यांनी झाकण माझ्या बोटांवर आपटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आज नाही, उद्याही नाही. हा माझा डबा आहे."

हळूहळू, घास न् घास चावून त्यांनी तो एकटीनं संपवला. संध्याकाळी डबा रोजच्यासारखाच रिकामा घरी गेला.