विरघळे सर

चहात साखर टाकून चमचा न फिरवणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. कॉलेजसमोरच्या टपरीवर सर साखर वेगळी मागून घेत, पेल्यात सोडत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसत. टपरीवाला बेजार व्हायचा. "सर, हलवा की, गार व्हायलाय." सर म्हणायचे, "पोटात कुणी चमचा घेऊन बसलंय का? बघू दे, आपली आपण कधी विरघळती ते." मग तो गारढोण चहा ते मोठ्या आनंदानं पीत. आम्ही पोरापोरींनी त्यांचं आडनावच बदलून 'विरघळे' करून टाकलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तसं लिहून ठेवलं, तर सरांनी त्याखाली सही केली आणि शिकवायला लागले.

परभणीच्या आमच्या फार्मसी कॉलेजात ते गोळ्या कशा बनवायच्या ते शिकवत. मूळचे जवळच्या बोरी गावचे. पुस्तकी भाषा पाच मिनिटं टिकायची, मग बोरी बाहेर यायची. "गिळलं म्हंजे लागलं असं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कितीतरी चांगली औषधं पाण्याशी फटकून वागतात. पोटात जातात, फिरतात आणि आली तशी निघून जातात, रक्ताला पत्ताच लागत नाही. "तुमच्यासारखीच," मागच्या बाकाकडे बघून सर म्हणायचे, "चार वर्षं वर्गात हायेत, अंगी काई लागलं न्हाई." मागचा बाक सगळ्यात आधी हसायचा.

शिक्षण संपल्यावर मी त्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. तिथं सहा काचपात्रांचं एक जुनं यंत्र होतं. पात्रांत अंगाइतकं कोमट पाणी भरायचं, प्रत्येकात एक गोळी सोडायची, वर छोटी वल्ही फिरत राहतात, आणि ठरल्या वेळाला पाणी काढून त्यात औषध किती उतरलं ते बघायचं. मी गंगाखेडहून सकाळच्या गाडीनं पोचायचे तेव्हा सर आधीच यंत्रापुढं वाकलेले असायचे. लाईट गेली की यंत्राला शिव्या घालायचे, आली की त्यावरची धूळ रुमालानं पुसायचे.

या वेडामागं एक कारण होतं, ते मला उशिरा कळलं. सरांची एकुलती एक लेक गौरी. ती सात वर्षांची असताना तिला पहिली फिट आली, आणि तिला जे औषध लागू पडलं ते नेमकं पाण्यात न विरघळणाऱ्या जातीचं निघालं. सरांनी तेच संशोधनाला घेतलं. पाण्यात सहज मिसळणारं एक मेण वितळवायचं, औषध त्यात घोळवायचं, थंड करून भुकटी करायची. एका उन्हाळ्यात ती भुकटी बघता बघता विरघळली. सरांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. पावसाळा आला, हवा दमट झाली, आणि बाटलीतल्या त्याच भुकटीत पुन्हा बारीक खडे धरले. सरांनी वहीत दोनच शब्द लिहिले, 'मूळ पदावर'. पुढं वर्षानुवर्षं ते नवनवीन मेणं आणत राहिले आणि दर पावसाळ्यात तेच दोन शब्द लिहीत राहिले. पीएचडी राहून गेली. "औषधाला आपला खडा सोडवत न्हाई बघ," ते मला म्हणायचे. हसून म्हणायचे, पण मला ते हसणं बघवत नसे.

गौरी मात्र बाजारातल्या साध्या गोळ्यांवर ठणठणीत होती. अकरावीला गेली तोवर कितीतरी वर्षांत फिट नव्हती. कॉलेज सुटलं की प्रयोगशाळेत येऊन उंच स्टुलावर पाय हलवत बसायची. "ताई, बाबांचं माझ्यापेक्षा गोळीवर लय प्रेम हाय की न्हाई?" असं मला मुद्दाम मोठ्यानं विचारायची. सर मान वर न करता म्हणायचे, "गोळी बडबड करत न्हाई."

त्या मे महिन्यात फिट परत आल्या. आधी एक, मग आठवड्याला एक. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर रक्तात औषध अगदीच कमी. "गोळी चुकते का?" त्यांनी विचारलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डॉक्टरांशी भांडल्याच. रोज सकाळ-संध्याकाळ त्या स्वतः लेकीच्या हातावर गोळी ठेवत होत्या. मग सरांनी शेवटचा उरलेला अर्थ काढला, की पोरगी गोळी टाकून देते. वयात आलेली लेक, मैत्रिणींत आजार लपवत असेल. एकदा मी त्यांच्याकडं जेवायला होते, तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी गौरीला गोळी गिळायला लावली आणि म्हणाले, "तोंड उघड. जीभ वर कर." एवढी मोठी मुलगी, परक्यासमोर आ करून उभी. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "घ्यायलेय की हो मी बाबा. आईची शपथ."

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ती न्हाणीत असताना फिट आली. दाराला आतून कडी होती. दार फोडेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर सर प्रयोगशाळेत आले ते एक स्टीलची डबी घेऊन. डबी माझ्यापुढं सरकवली. मी यंत्र लावलं. गौरीच्या उरलेल्या गोळ्यांतल्या सहा गोळ्या सहा पात्रांत सोडल्या. चांगली गोळी काही मिनिटांत फुटते, पाणी गढूळ होतं. या गोळ्या तळाशी खड्यांसारख्या बसून राहिल्या. अर्धा तास गेला, तास गेला. पाणी नितळच्या नितळ. शेवटी मीच विचारलं, "सर, ही डबी घरात कुठं असायची?"

"माठाच्या तिवईवर," सर म्हणाले. "ओल्या फडक्याला खेटून. पट्ट्या फोडून डबीत भरायची गौरीची आई, म्हंजे सकाळच्या घाईत पटकन हाती लागाव्यात." ते स्वतः कधी उठून पाणी घेणारे नव्हेत, पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात यायचा. डबी त्यांनी तिथं पाहिलीच नव्हती. आता पाहिली होती. या औषधानं ओल धरली की त्याचा दगड होतो, हे आख्ख्या परभणीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"मीच सांगितलं होतं तिला," ते म्हणाले. "ऊन लय हाय, गोळ्या थंड जागी ठेव म्हणून. थंड आणि कोरड्या म्हणतात. कोरड्या म्हणायचं राहिलं."

मग त्यांनी गोळ्या चिमट्यानं एकेक करून काढल्या आणि पात्रं स्वतः धुतली. "तिला कळू देऊ नको," म्हणाले. "आई हाय ती. जगायची न्हाई."

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. काकू दारातच बसल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं आम्ही काय करायला गेलो होतो. माझा हात धरून म्हणाल्या, "खरं सांग गं. गोळ्या चांगल्या होत्या?"

मी म्हणाले, "चांगल्या होत्या काकू. पाच मिनिटांत विरघळल्या."

मला वाटलं होतं त्यांना धीर येईल. त्यांनी माझा हात सोडला. म्हणाल्या, "म्हंजे टाकूनच द्यायची पोरगी. माझी शपथ घेऊन टाकायची." सरांचा ओठ हलला. मी वाट पाहिली. देवाशपथ सांगते, मी वाट पाहिली. ते आत निघून गेले.

सरांनी नोकरी सोडली. आता कितीतरी वर्षं दोघं बोरीला राहतात. मागच्या महिन्यात मी लेकीला घेऊन भेटायला गेले होते. ती आता आठवीत आहे. काकूंनी तिला जवळ ओढलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आईशी खोटं बोलू नको बरं का बाळा. आमची गौरी बोलायची." सर समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही, आणि माझी लेक म्हणाली, "नाही बोलणार आजी."