आठव्या नंबरची पुडी

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे मागच्या बॅचची फाईल मिळवायची, त्यातलं झाड बदलायचं, पानाऐवजी साल घ्यायची आणि बाइंडिंगला टाकायचं, असा आमच्या सांगलीच्या फार्मसी कॉलेजात मुलांचा साधा हिशेब होता. मला मात्र भलत्या वेळी अंगात येतं. गाईड मॅडमनी विषय वाचून दाखवला: गुडघेदुखीवर गावोगावी 'आयुर्वेदिक' म्हणून ज्या पुड्या विकल्या जातात, त्यांत चोरून स्टेरॉइड मिसळलेलं असतं का ते तपासायचं. सगळे वहीत डोकं घालून बसले. मी हात वर केला.

नमुने गोळा करायला आठवडी बाजार पालथे घातले. सात पुड्या जमल्या. तुलनेला एक स्वच्छ पुडीही हवी होती, तर मी तोऱ्यात म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात आहे की! आई दोन वर्षं घेते. अगदी शुद्ध."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "घरातली म्हणून शुद्ध, असं काही नसतं. स्वच्छ नमुना आपण इथंच सुंठ-अश्वगंधा कुटून करू. तुझ्या आईची पुडी तपासायला घे. आठवा नंबर."

मला रागच आला. पण घरून दोन पुड्या आणल्या आणि त्यांवर आठचा आकडा टाकला.

आमचं गाव रहिमतपूरजवळ. थोडा ऊस, थोडी हळद. दोन वर्षांपूर्वी आईला चूल पेटवायला खाली बसता येत नव्हतं, आणि बसली तर उठता येत नव्हतं. आमचे पप्पा मिलिटरीतून रिटायर झालेले. कुठलीही अडचण मोहिमेसारखी हाती घ्यायची त्यांना सवय. त्यांच्या पलटणीतल्या एका दोस्ताने पत्ता दिला आणि पप्पा एसटीने तासगावच्या अलीकडच्या एका गावात जाऊन महिन्याच्या पुड्या घेऊन आले. पुडीवाल्याने तीन पथ्यं सांगितली होती. वांगं नाही, दही नाही, आणि पुडी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकवली तर औषध उलटतं म्हणे. पहिली दोन पथ्यं आई अधूनमधून मोडायची, तिसरं कधीच मोडलं नाही.

आठ दिवसांत आई टणाटण चालायला लागली. पप्पांनी जाहीर केलं, "एकदम फिट!" त्या वर्षी हळद शिजवताना ती दिवसभर काहिलीपाशी उभी होती. चेहरा भरला, गाल वर आले, गालांवर लाली आली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "काय खातीस गं? लेकीच्या आधी तुलाच स्थळं येत्याल." मीही सुट्टीत घरी गेले की तिचे गाल ओढायची आणि तिला गोबरीबाई म्हणायची. दिवाळीत बांगड्या भरताना कासाराने हात जरासा दाबला, तर मनगटावर निळे डाग उठले. आई म्हणाली, "वय झालं आता." मी शेजारी बसून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या निवडत होते.

हे सगळं मी आदल्याच वर्षी शिकले होते. पुस्तकात फोटोसकट होतं. स्टेरॉइड फार दिवस पोटात गेलं की चेहरा चंद्रासारखा गोल होतो, कातडी पातळ होते, जरा दाबलं की रक्त साकळतं. त्या फोटोतल्या बाईला मी परीक्षेत ओळखलं. आईला ओळखलं नाही.

तपासणी तशी सोपी असते. काचेच्या पट्टीवर पांढरा थर असतो, त्यावर खाली एका ओळीत प्रत्येक नमुन्याचा थेंब द्यायचा, पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं आणि पुडीतले घटक वेगवेगळ्या उंचीवर नेऊन सोडतं. मग फवारा मारायचा. स्टेरॉइड असलं तर जांभळा डाग उमटतो. कडेला आम्ही खऱ्या स्टेरॉइडचाही थेंब दिला होता, म्हणजे उंची जुळवून बघता येते.

बाजारातल्या काही पुड्यांनी जांभळे डाग दाखवले तेव्हा मी आणि माझी पार्टनर खुशीत होतो. खोटं कशाला बोलू, प्रोजेक्ट जमला म्हणून आम्ही टाळ्या दिल्या. मग माझी नजर आठव्या जागेवर गेली. तिथे डाग होता. बाकीच्यांपेक्षा गडद, आणि खऱ्या स्टेरॉइडच्या बरोबर शेजारी, त्याच उंचीवर.

मी म्हटलं, माझा हात लागला असणार. दुसरी पट्टी केली. मग घरून आणलेली दुसरी पुडी फोडून तिसरी केली, तीही पार्टनरच्या हातून. तिसऱ्या पट्टीवर जांभळं उमटायला लागलं तेव्हा मी पुडीवरचा आठचा आकडा पुन्हा वाचला. मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मोठ्या मशीनवर पक्कं करून घेऊ. पण तू मनाची तयारी ठेव."

कसली तयारी? मी तशीच व्हरांड्यात आले आणि घरी फोन लावला.

"आई, ती पुडी फेकून दे. आत्ताच्या आत्ता. सगळ्या."

"काय झालं गं?"

"त्यात विष आहे. तो माणूस चोर आहे. एक कणसुद्धा पोटात जाता कामा नये."

"अगं, पर चुकवायची न्हाई म्हनत्यात."

"कोण म्हणतं? तो भामटा? तू त्याचं ऐकणार का माझं?"

"बरं बाई. तू शिकल्याली हाईस." मोरीत पाणी सोडल्याचा आवाज मी फोनवर ऐकला. माझ्यासाठी तिने फोन चालू ठेवून पुड्या ओतून दिल्या. मला फार बरं वाटलं. आईला मी वाचवलं, असं मी त्या दिवशी पार्टनरला म्हणाले, अगदी याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी फोनवर आई म्हणाली, अंग मोडून आल्यासारखं वाटतंय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, जेवण जात नाही, ऊन लागलं असेल. हळद शिजवायचे दिवस होते, मलाही ते पटलं. चौथ्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना पप्पांचा फोन आला. सारखी सावधानमध्ये उभी असणारी त्यांची भाषा मोडून गेली होती. "तुझी आई उठंना गं. उलट्या थांबंनात. साताऱ्याला दवाखान्यात आनलंय. बीपी लागंना म्हनत्यात."

मी ॲप्रन अंगावर तसाच ठेवून सांगली स्टँड गाठलं आणि साताऱ्याची एसटी पकडली. इस्लामपूर कधी गेलं कळलं नाही. डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, विष तर बंद केलं, मग आता हे काय? गाडी कऱ्हाडच्या स्टँडवर थांबली. लोक चहाला उतरले. मी खिडकीशी बसून होते, आणि मला माझी तिसऱ्या वर्षाची वही डोळ्यांसमोर दिसली. माझंच अक्षर होतं, खाली लाल पेनची रेघ. स्टेरॉइड बरेच दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करायचं थांबवतं. एकदम बंद केलं तर रुग्ण दगावू शकतो. डोस हळूहळू उतरवावा.

हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मला त्याचे पुरे मार्क मिळाले होते.

मी गाडीतून उतरले. पप्पांना फोन लावला आणि ओरडले, "पप्पा, फोन डॉक्टरांना द्या!"

"आगं, ते आत हायती, कामात..."

"आत घुसा, पण द्या!"

पप्पा घुसले. डॉक्टर वैतागलेल्या आवाजात बोलले, सलाईन चालू आहे, उन्हाचा त्रास दिसतोय, काय काम आहे? मी एका दमात सांगितलं. दोन वर्षं पुडी, पुडीत स्टेरॉइड, माझ्या हाताने तपासलंय, चार दिवसांपूर्वी एकदम बंद.

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "कुणी बंद केलं?"

स्टँडवर सगळीकडे माणसं होती. "मी," मी म्हणाले.

त्यांनी फोन पप्पांच्या हातात दिला असावा, कारण मग मला फक्त डॉक्टरांचा दुरून आवाज आला. ते नर्सला इंजेक्शन सांगत होते. स्टेरॉइडचंच. मागे आमच्या गाडीच्या कंडक्टरने बेल दिली. त्याच्या शिव्या खात मी परत चढले.

मी पोचले तेव्हा आईचं बीपी वर यायला लागलं होतं. ती डोळे मिटून पडली होती, तिचा तो गोल चेहरा पांढरा पडला होता आणि सुईच्या भोवती हात निळा झाला होता. डॉक्टरांनी माझ्या ॲप्रनकडे पाहिलं. "कुठल्या वर्षाला?"

"शेवटच्या."

त्यांनी आईचा केसपेपर उचलला आणि लिहायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना म्हणाले, "तासभर उशीर झाला असता तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून पुढच्या खाटेकडे गेले. आईला जाग आली तेव्हा ती मला म्हणाली, "तू कशाला आलीस गं? परीक्षा हाय न्हवं?" मी तिथेच रडले. तिला वाटलं, ती आजारी आहे म्हणून मी रडतेय.

पप्पांना मी सगळं खरं सांगितलं. ते माझ्यावर चिडले नाहीत. सगळा राग पुडीवाल्यावर काढायला तासगावच्या बाजूला निघाले. जाताना मी त्यांचा हात धरला. "पप्पा, तिथल्या लोकांना पुडी बंद करा असं अजिबात सांगू नका."

"मग सांगू तरी काय? खावा म्हनू?"

"डॉक्टरकडे जा म्हणावं. पुडी घेऊन जा म्हणावं."

संध्याकाळी ते परत आले. पुडीवाल्याच्या दारात रांग होती, नेहमीसारखी. पप्पांनी दोघातिघांना बाजूला घेऊन सांगायला सुरुवात केली, तर गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसंच अंगावर आली. "तुमच्या बायकूला गुन आला न्हवता व्हय? मग आमच्या प्वाटावर कशाला पाय देताय?" पप्पा मला म्हणाले, "गोळीबारात बी मी असा माघारी फिरलो न्हवतो." मॅडमनी मोठ्या मशीनवर पक्के झालेले निकाल जोडून सरकारी खात्याकडे रीतसर तक्रार केली. पुढे काय होईल ते माहीत नाही.

आई घरी आली ती कागदावर लिहिलेलं वेळापत्रक घेऊन. रोज सकाळी स्टेरॉइडची गोळी, नेमक्या डोसची, आणि काही महिन्यांत थोडी थोडी कमी करत न्यायची. गुडघे पुन्हा दुखायला लागले आहेत. ती भिंतीला धरून उठते. मी सांगलीहून रोज सकाळी लॅबमध्ये जायच्या आधी फोन करते. आजही केला.

"आई, गोळी घेतलीस का? एक दिवससुद्धा चुकवायची नाही बरं का."

आई हसली. टोमणा तिच्या स्वभावात नाही, ती सहज बोलून गेली. "पुडीवाला बी ह्येच सांगायचा गं."

जिन्यात उभी राहिले, फोन कानाला तसाच.

"पण घेतलीस का?" मी पुन्हा विचारलं.

"घेतली," ती म्हणाली.