माझ्या गाडीखालची विहीर

मंडळी, आज सकाळी मी एका म्हाताऱ्या माणसावर चोर समजून पाळत ठेवली.

आमच्या दुर्गापुऱ्यातल्या गल्लीत साफा बांधलेले एक आजोबा पिंपळापासून पावलं मोजत आले आणि थेट माझ्या फाटकाबाहेरच्या गाडीपाशी थांबले. वाकून खाली बघायला लागले. शेजारच्यांच्या गाडीची बॅटरी परवाच चोरीला गेलीय. मी खिडकीतून फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला : 'अनोळखी माणूस. सावध राहा.' मग आतूनच दरडावलं, "क्या देख रहे हो?"

"कुआँ, बहनजी. यहीं था."

म्हणे इथं त्यांचं शेत होतं. कॉलनी झाली तेव्हा विहीर बुजवली. आता नातू झालाय, आणि इकडे बाळंतिणीनं विहीर पूजायची रीत आहे. हल्ली लोक नळ पूजून भागवतात, पण त्यांना तीच विहीर हवी होती.

माझा काही विश्वास बसेना. तेवढ्यात कोपऱ्यावरून त्यांची सून आली, डोक्यावर कलश, मागून बाळाला घेऊन सासू. मी बाहेर येऊन गाडी पलीकडे नेऊन लावली.

पूजा आटोपल्यावर आजोबा म्हणाले, "अब लगा लीजिए गाड़ी. जगह तो आपकी ही है."

ग्रुपवरचा मेसेज मी पुसला. गाडी मात्र अजून पलीकडेच उभी आहे. तुम्ही लावली असती परत?