रजेवरचा शिपाई

औसा–लातूर एसटीत रोज खाकी कपड्यांत दिसणारा तो शिपाई त्या सकाळी पांढऱ्या सदऱ्यात होता. मांडीवर बायबल होतं.

"आज ड्युटी नाही का, काका?" मी विचारलं.

"रजा टाकली. आमच्या दफनभूमीतून रस्ता काढायलेत. कलेक्टर साहेबाला भेटायचंय."

"तुम्ही तर त्यांच्याच दाराशी बसता!"

मी त्यांच्या जागी असतो तर पाणी देता देता विषय काढला असता.

"म्हणून तर रजा. ड्युटीवर आपलं गाऱ्हाणं घालणं बेइमानी हाय. आज लोकांसंगं बाकड्यावर बसणार." त्यानं बायबलावर बोट आपटलं. "यातली एस्तेर राणी बोलावणं नसताना आपल्या लोकांसाठी राजापुढं गेली. जीव जायचा धोका होता, तरी गेली."

"साहेब चिडले तर?"

"चिडू द्या. उद्या त्यान्ला पाणी मीच देणार. परवा पुन्हा रजा."