न गेलेल्या पाच बाटल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. पोरीला अर्धं ठाऊक हाय. पुरं तुम्हालाच सांगून राहिलो — का, ते मला बी ठाऊक न्हाई.

माझी बायको गया. पोळ्याच्या आधी गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. लातुरात डाळ मिलवर यंदापर्यंत चाळीस वर्षं मुकादम होतो. ट्रक भरून घ्यायचे, बिल्टी हातात द्यायची — बिल्टी म्हणजे कोणता माल कुठं चालला त्याची पावती. माझा माल कुठं अडत न्हाई, हे मी घरात उठता-बसता म्हणायचो. गया म्हणायची, "हाव, तुमच्याबिगर देशाला वरण कुठलं!" असं बोलून वर चहा ठेवायची. लई चांगली बाई होती हो.

आमची एकच पोरगी, वर्षा. नर्स हाय, आयर्लंडला. पहिल्याच हिवाळ्यात फोनवर म्हणाली, "माय, केस लई गळून राहिले." झालं. गयानं लोखंडी कढई काढली. घाण्याचं तिळाचं तेल, ओढ्याकाठचा माका, जास्वंदीची फुलं, मेथी. दिवसभर मंद आचेवर. मग धोतराच्या फडक्यातून गाळायचं अन् वर केवड्याचं अत्तर — तिचं माहेर बिलोलीचं, येता-जाता नांदेडात एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याकडून घ्यायची. वासाबिगर तेल म्हणजे तिला मिठाबिगर वरण वाटायचं. बाटलीच्या झाकणावर मेणबत्ती वितळवून ओतायची, अन् एक दिवस बाटली उलटी ठेवायची पेपरावर. पेपरावर डाग न्हाई पडला की म्हणायची, "घ्या मुकादम, लादा तुमचा ट्रक."

मी कुरिअरवाल्याकडं गेलो. काउंटरवरच्या बाईनं झाकण हुंगलं. म्हणाली, "काका, यात अत्तर हाय. सेंट पेट घेतो, असं विमानात चालत न्हाई. नुसतं तेल आणा, अन् आत काय काय हाय त्याचा कारखान्याचा कागद आणा. मग बघू." गयाच्या कढईचा कागद कोणता कारखाना देणार? काउंटरवालीनं पुढ्यात एक फारम ठेवला, सगळा इंग्रजीत. मागं लाइन. मी बाटली पिशवीत घातली अन् निघालो.

घरी जाऊन काय सांगायचं? हजार पोती धाडणाऱ्याला एक बाटली धाडता आली न्हाई? नुसतं 'अत्तर घालू नको' म्हणलं असतं तरी रस्ता निघाला असता — पुढचं कुणालाही विचारता आलं असतं. तेवढं बी तोंडातून निघालं न्हाई.

बाटली मिलमधल्या माझ्या पेटीत ठेवली. अन् घरी जाऊन गयाच्या हातात तूर डाळीची एक जुनी बिल्टी दिली. म्हणलं, ही विमानाची पावती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती देवापुढं ठेवली, कुंकू लावलं.

मग पोरीला फोन. म्हणलं, पोचलं म्हण. ती चिडली — "बाबा, मायला खोटं सांगू?" पण सांगितलं बिचारीनं. गयानं विचारलं, "केवडा येतो का गं वासाला?" "येतो, माय. लई भारी." त्या दिवशी गया साऱ्या गल्लीत फिरून आली. तिचं तेल विमानात बसलं होतं ना!

असं पाच वर्षं. पाच बाटल्या, पाच बिल्ट्या. दर वेळी वर्षा म्हणायची, आता सांगून टाका. दर वेळी मी म्हणायचो, पुढल्या साली. अन् गया? स्वतःच्या डोक्याला दुकानातलं सुटं खोबरेल. कढईतलं बोटभर घे म्हणलं तर म्हणायची, "पोरीचं हाय ते."

हे सगळं वर्षाला ठाऊक हाय. पुढचं न्हाई.

यंदा गया अंथरुणाला खिळली. तिची वेणी मीच घालायचो — वाकडीतिकडी, ती हसायची. एक दिवस म्हणाली, "अवो, डोकं लई तापून राहिलं. एखादी बाटली मागं ठेवायला पाहिजे होती. आता कढई कोण चढवतंय?"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते तेल स्वतःसाठी मागितलं. मिल घरापासून पंधरा मिनिटांवर. मी गेलो. पेटी उघडली. बाटली हातात घेतली, मेण जसंच्या तसं. अन् परत ठेवली. कुठून आणली म्हणून विचारलं असतं तर? चार दिवस तिच्या कपाळावर ओला पंचा ठेवला. पाचव्या दिवशी ती गेली.

अजून संपलं न्हाई. मी कडेकडेनं फिरून राहिलो, तुम्हाला बी दिसलं असंल.

बाया तिला न्हाऊ घालत होत्या. शेजारची सरूबाई बाहेर आली. म्हणाली, "भाऊ, हिच्या हातचं ते तेल हाय का घरात थोडं?" सवाष्ण बाई, केसांना तेल लावून धाडायची होती. पेटीतल्या पाचही बाटल्या माझ्या डोळ्यापुढं उभ्या राहिल्या. पण तो वास साऱ्या गल्लीच्या ओळखीचा. विमानानं गेलेलं तेल म्हाताऱ्याकडं कुठून आलं, असं झालं असतं.

मी म्हणलं — न्हाई. सगळं पोरीला गेलं.

सरूबाईनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "अशी माय मिळायला नशीब लागतं." अन् दुकानातलं खोबरेल लावलं.

आता बाटल्या मी घरी आणल्यात. फडताळात हायेत, पाचही. एकीचं बी मेण फोडलं न्हाई.

तिच्या पत्र्याच्या डब्यात पाच बिल्ट्या निघाल्या, घडी करून ठेवलेल्या. प्रत्येकीवर कुंकू. सगळ्यात वरच्या बिल्टीवर लिहिलंय — तूर डाळ, विजयवाडा. तिला वाचता येत नव्हतं. मला येतं.